सुट्या भागांचा मेळ

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें किल्ले, तह आणि लढाया उभ्या राहतात. घरांतल्या टेबलाखालीं घरघरणाऱ्या पत्र्याच्या पेटीलाहि इतिहास असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. त्यांतून ती पेटी कारखान्यांतून मोहोरबंद होऊन आलेली नसून घरांतल्याच मुलानें किंवा मुलीनें चार दुकानांतून चार भाग आणून जुळविलेली असेल, तर मग विचारावयासच नको. ती त्या मुलाची हौस. फार झालें तर काटकसर. तथापि या हौसेच्या आणि काटकसरीच्या पोटांत जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास दडलेला आहे, आणि तोच आज मी आपणांपुढें थोडक्यांत मांडणार आहें.

या विषयासाठीं मीं मुद्दामच ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके डोळ्यांपुढें ठेवले आहेत. मुंबईच्या मध्यवस्तींत राहणाऱ्या माणसानें चुकीचा भाग घरीं आणला, तर तो बदलून आणण्यास त्याला एक दुपार पुरते. शहापूर-मुरबाडकडे तीच चूक फार महाग पडते. शहापूरचें स्टेशन आसनगांव, मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारें ८५ किलोमीटरांवर. मुरबाडचा माणूस तर आधीं एस.टी.नें कल्याण गांठणार आणि मग लोकल धरणार. जाण्यायेण्यांत सबंध दिवस मोडतो. मजुरीवर जगणाऱ्या घरांत मोडलेला दिवस म्हणजे बुडालेली कमाई. ज्या ठिकाणीं चूक महाग पडते, त्याच ठिकाणीं ज्ञानाची खरी किंमत कळते.

या मुलखाचा आणि आंकड्यांचा संबंध कांहीं आजचा नव्हे. मुरबाडच्या बाजूनें नाणेघाट चढून गेलें कीं माथ्यावरच्या लेण्यांत सातवाहनकालीन शिलालेख लागतो. नागनिका राणीच्या त्या लेखांत यज्ञांच्या दक्षिणेची मोजदाद कोरलेली असून, तिच्यांतील आंकड्यांच्या खुणा भारतांतल्या अगदीं प्राचीन खुणांपैकीं मानल्या जातात. कोंकणच्या बंदरांतून देशावर जाणारा माल याच वाटेनें चढे. सारांश, दूरची वस्तु या मुलखावरून पुढें जाणें, हा येथील फार जुना क्रम आहे.

पुढें तोच क्रम निराळ्या रूपांत चालू राहिला. शहापूर तालुक्यांतल्या तानसा नदीवर १८९२ सालीं धरण पुरें झालें, आणि त्याचें पाणी नळांतून मुंबईला गेलें. मागाहून भातसेचेंहि पाणी गेलें. विजेचें तसेंच झालें. सह्याद्रीच्या धबधब्यांवर टाटांनीं उत्पन्न केलेली वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे धांवूं लागली. मनोऱ्यांखालच्या वाड्यांत मात्र दिवेलागणीला रॉकेलची चिमणीच पेटत असे. १९४२ च्या आंदोलनांत भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्यानें हेच मनोरे पाडून मुंबईच्या कारखान्यांची वीज तोडली, आणि २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडच्या रानांत कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना वीरमरण आलें. वीज ही येथें प्रथम डोक्यावरून जाणारी वस्तु होती. घरांत ती फार उशिरां आली. ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं. पुढें तिचें काम पडेल.

आतां मूळ पेटीकडे वळूं. तिचा पहिला पूर्वज म्हणजे रेडिओ. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईंत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. तयार संच त्या काळीं परदेशांतून येत, आणि मध्यम स्थितीच्या गृहस्थाला ते परवडण्याजोगे नसत. मग हौशी तरुण गॅलेनाचा खडा, तांब्याच्या तारेचें वेटोळें आणि कानाला लावावयाचा हेडफोन एवढ्या सामग्रीवर ‘क्रिस्टल सेट’ तयार करीत. पुढें व्हॉल्व्ह आले, आणि त्यांच्याबरोबरच मेळाचा प्रश्न आला. कांहीं व्हॉल्व्हांच्या तंतूला ४ व्होल्ट दाब लागे, कांहींच्या ६.३ व्होल्ट, एकाच्या बुडाला चार खुंट्या, तर दुसऱ्याच्या आठ. ४ व्होल्टांचा व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टांवर लावला, तर तो थोडा वेळ नेहमींहून अधिक लखलखे, आणि मग कायमचा विझे. आजचा मुलगा संगणकाच्या प्रोसेसरला जास्त व्होल्टेज देऊन जो धडा शिकतो, तो हाच आहे.

ही कला केवळ करमणुकीची राहिली नाहीं. भाई कोतवाल रानांत होते त्याच सुमारास, १९४२ च्या उत्तरार्धांत, उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवीत होते. त्याचें प्रक्षेपणाचें यंत्र कोणा कारखान्यानें मोहोरबंद करून पाठविलेलें नव्हतें. नरीमन प्रिंटर या जाणकारानें सुटे भाग जमवून तें उभें केलें होतें. १२ नोव्हेंबर १९४२ रोजीं पोलिसांचा छापा पडेपर्यंत, जागा बदलत बदलत, तें बोलत राहिलें. सुटे भाग जुळविण्याची विद्या ज्यांच्या हातीं असते, त्यांचा आवाज बंद करणें सोपें नसतें.

मुंबईंत या विद्येची पेठ म्हणजे ग्रँट रोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड. हें नांव गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्यावरून पडलें. आज कागदोपत्रीं त्याला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग म्हणतात, पण गिऱ्हाइकाच्या तोंडीं जुनेंच नांव आहे. रेडिओच्या सुट्या भागांचीं दुकानें येथें होतीं. त्यांच्याच फळ्यांवर पुढें दूरदर्शन-संचांचे भाग आले, आणि त्यानंतर संगणकाचे.

संगणकाचा भारतांतला आरंभहि जुळवणीनेंच झाला, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं तरुण मंडळींनीं १९५६ सालीं एक लहान नमुना-यंत्र चालतें केलें, आणि १९६० सालीं पुरें यंत्र उभें केलें. १९६२ सालीं त्याला ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. त्यांत सुमारें २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियमचे डायोड आणि १२,५०० रोधक होते. प्रत्येक भाग पारखून घेतलेला. कारण हजारोंतला एक बिघडला कीं सबंध हिशेब चुकणार. तीस वर्षांनीं याच विद्येची दुसरी मोठी परीक्षा पुण्यास झाली. अतिवेगवान संगणक भारताला देण्याच्या बाबतींत अमेरिकेनें आडकाठी घातली, तेव्हां १९८८ सालीं पुण्यांत ‘सी-डॅक’ ही संस्था निघाली, आणि विजय भटकर यांच्या मार्गदर्शनाखालीं १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची युक्ति अशी कीं, इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचे, बाजारांत मिळणारे ‘ट्रान्सप्यूटर’ नांवाचे छोटे प्रोसेसर पुष्कळ संख्येनें घ्यावयाचे आणि ते एकमेकांशीं बोलतील असे जोडावयाचे. एकटा भाग सामान्यच होता. सामर्थ्य होतें तें मेळांत.

पण सामान्य घराच्या दृष्टीनें खरी क्रांति झाली ती १२ ऑगस्ट १९८१ रोजीं. त्या दिवशीं अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारांत आणला. घाईपोटीं कंपनीनें त्यांत दुसऱ्यांचे भाग वापरले: प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची. शिवाय यंत्राचे नकाशेहि पुस्तकांत छापून दिले, म्हणजे इतरांनीं त्याला जोडण्याजोगीं कार्डें करावीं. इतरांनीं कार्डें तर केलींच, पण कॉम्पॅकनें १९८२ च्या अखेरीस अख्खें जुळतें यंत्रच जाहीर केलें. त्यानंतर एका कारखान्याचा बोर्ड, दुसऱ्याची मेमरी व तिसऱ्याची डिस्क एका पेटींत नांदूं लागली. ज्यांनीं एकमेकांचीं तोंडें कधीं पाहिलीं नव्हतीं, अशा कारखानदारांनीं खुंट्यांची संख्या, दाब आणि मापें समान धरलीं. घरगुती संगणक शक्य झाला तो या अबोल कराराच्या बळावर.

आतां ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय तें पाहूं. प्रत्येक संगणकांत एक स्फटिक सेकंदाला लाखों ठेके देत असतो, आणि त्या ठेक्यावर सारे भाग पाऊल टाकतात. शहापूरकडच्या आदिवासी पाड्यांवर तारपा-नाच पाहिलेल्यांना हें चटकन् उमजेल. हातांत हात गुंफलेली सांखळी तारप्याच्या तालावर फिरते. वादकानें ताल वाढविला कीं नाचहि वाढतो. पण सांखळींत एकाचेंच पाऊल चुकलें, तरी सगळी फेरी विस्कटते. कारखान्यानें नेमून दिलेल्या तालापेक्षां जलद ताल धरणें, याचें नांव ओव्हरक्लॉकिंग. सर्व भागांना तो ताल झेपावयास हवा. म्हणून ताल वाढविण्याचा प्रश्न आणि मेळाचा प्रश्न हे मुळांत एकच आहेत.

याचा एक आरंभींचा दाखला आयबीएमच्याच १९८४ सालच्या ‘एटी’ यंत्रांत सांपडतो. त्यांत १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक असे व प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ६ मेगाहर्ट्झ तालावर चाले. चतुर गिऱ्हाइकांनीं तो स्फटिक उपटून १६ मेगाहर्ट्झचा बसविला. प्रोसेसर ८ वर धांवूं लागला. थोड्याशा खर्चांत एक-तृतीयांश अधिक वेग! कंपनीनें पुढच्या यंत्रांच्या बायॉसमध्यें ताल तपासणारी सूचना घालून ही वाट अडविली. गिऱ्हाइकाची युक्ति आणि कारखान्याची अडसर, हा खेळ तेव्हांपासून अखंड चालू आहे.

आपल्याकडे आयबीएम १९७८ सालीं देश सोडून गेली होती. नोव्हेंबर १९८४ मध्यें सरकारनें नवें संगणक-धोरण जाहीर करून आयातीचा कांहीं भार हलका केला. १९९१ नंतर दारें आणखी उघडलीं. मग लॅमिंग्टन रोडवर ‘असेंबल्ड’ संगणकाचा व्यवहार फुलला. नामांकित यंत्राहून तो पुष्कळ स्वस्त पडे. आणि मुख्य गोष्ट म्हणजे, आज बोर्ड, पुढच्या वर्षीं डिस्क, असा तो हप्त्याहप्त्यानें वाढवितां येई. २००१ सालीं महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालें, आणि ‘एमएस-सीआयटी’च्या वर्गांनीं संगणकाची ओळख तालुक्याच्या गांवापर्यंत नेली. ओळख झाल्यावर घरीं यंत्र असावें ही इच्छा स्वाभाविकच झाली. आणि इच्छा मोठी व खिसा लहान असला, म्हणजे माणूस जुळवणीकडे वळतो.

या जुळवणीच्या इतिहासांतला सर्वांत गाजलेला भाग १९९८ सालचा. त्या ऑगस्टमध्यें इंटेलनें ‘सेलेरॉन ३००ए’ हा स्वस्त प्रोसेसर काढला. घाऊक भावानें तो १४९ डॉलरांना मिळे, तर त्याच वेळीं निघालेला ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम-टू ६६९ डॉलरांना. सेलेरॉनचा आंतला गुणक साडेचार होता आणि बोर्डाचा ताल ६६. गुणाकार सुमारें ३००. आतां बोर्डाचा ताल ६६ ऐवजीं १०० केला, तर साडेचारपट म्हणजे नेमके ४५०. पुष्कळसे नग हा ताल सहज झेलीत. गरिबाचा प्रोसेसर श्रीमंताच्या प्रोसेसरच्या पंगतीस बसला!

पण हें साधे कोणाला? ज्याचा बोर्ड, मेमरी आणि प्रोसेसर हे तिघेहि मेळाचे असत, त्याला. बोर्ड ‘४४०बीएक्स’ जातीचा हवा, कारण १०० चा ताल तो अधिकृतपणें पेले. मेमरी ‘पीसी-१००’ हवी. याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, डिस्क वगैरे मंडळी ज्या पीसीआय मार्गावर असत, त्याचा ताल ३३ च्या आसपास राहणें अवश्य होतें. ६६ चा अर्धा ३३, आणि १०० चा तिसरा हिस्साहि ३३. म्हणून या दोन्ही तालांवर सारें सुरळीत चाले. कोणी भिऊन मध्यम मार्ग स्वीकारला व ८३ चा ताल ठेवला, तर त्याचा अर्धा होई साडेएकेचाळीस, आणि कित्येकदां डिस्कवरची माहिती बिघडे. येथें मध्यम मार्ग हाच सर्वांत धोक्याचा! धाडसापेक्षां भागाकार येणें अधिक उपयोगाचें, हें या उदाहरणानें पुरतें सिद्ध होतें.

यानंतर अडसरी वाढल्या. कमी वेगाच्या प्रोसेसरवर जास्त वेगाचा शिक्का मारून तो विकणारे लबाड व्यापारी बाजारांत होतेच. त्यांना आळा घालण्यासाठीं गुणक कायमचा बांधून टाकण्यांत आला. २००० सालीं एएमडीच्या ड्युरॉन व ॲथलॉन प्रोसेसरांच्या पाठीवर तुटके ठेवलेले सूक्ष्म पूल साध्या शिसपेन्सिलीच्या रेघेनें जोडतां येतात, असें हौशी लोकांनीं शोधून काढलें. पेन्सिलींतलें ग्रॅफाइट वीज वाहतें, एवढेंच त्यांतलें रहस्य. २०११ सालीं इंटेलनें बहुतेक सर्व मार्गांचा ताल एकाच मूळ तालाला बांधला, आणि गुणक वाढविण्याची मुभा मुख्यतः ‘के’ अक्षराच्या महाग प्रोसेसरांना ठेवली. २०१४ सालचा ‘जी-३२५८’ हा स्वस्त पेंटियम त्याला अपवाद. मग २०१७ सालीं एएमडीचे रायझेन प्रोसेसर आले. त्यांत बहुतेकांचा गुणक मोकळा होता, आणि ‘बी-३५०’सारखे मध्यम किंमतीचे बोर्डहि तो वापरूं देत. सर्वांत स्वस्त ‘ए-३२०’ मात्र देत नसत. अल्प पैशांत घर सांभाळणाऱ्याला ही मोठीच सवलत झाली.

इतका इतिहास ऐकल्यावर आपण विचाराल, आज शहापूरच्या किंवा मुरबाडच्या घरानें निवड करावी तरी कशी? इतिहासाचें उत्तर असें आहे कीं, वेगानें भुलूं नये; आधीं मेळ पाहावा. पहिला मेळ प्रोसेसर आणि सॉकेट यांचा. एएमडीचें ‘एएम-४’ सॉकेट निराळें, ‘एएम-५’ निराळें. इंटेलचीं सॉकेटें तर दर थोड्या वर्षांनीं बदलत आलीं आहेत. सॉकेट एकच असलें तरी पुरत नाहीं. जुन्या ‘एएम-४’ बोर्डावर नवा प्रोसेसर बसेल, पण बायॉस जुनी असली तर तो ओळखला जाणार नाहीं; आणि ती बदलण्यासाठीं पुनः आसनगांव ते ग्रँट रोड ही वारी घडेल. म्हणून बायॉसची चौकशी दुकानांतच करावी, आणि साधल्यास तेथेंच यंत्र पेटवून पाहावें.

दुसरा मेळ मेमरीचा. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खांचेंत बसत नाहीं. तिचा काप वेगळ्या जागीं असतो. ‘एएम-५’ला डीडीआर-५ च लागते, इंटेलच्या ‘एलजीए-१७००’ सॉकेटाचे बोर्ड दोन्ही जातींचे निघाले, तेव्हां बोर्डाचें पूर्ण नांव वाचावें. सोळा गिगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षां आठाआठाच्या दोन घ्याव्या. दोन वाटांनीं माहिती वाहिल्यामुळें काम अधिक झपाट्यानें होतें. हा वेग ओव्हरक्लॉकिंगशिवाय मिळतो, आणि तो सुरक्षितहि असतो.

तिसरा मेळ विजेचा, आणि आमच्या या दोन तालुक्यांपुरता तोच पहिला मानावा. २००५ नंतरच्या कांहीं वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांनीं रोज कित्येक तासांचें भारनियमन सोसलें आहे. तो काळ मागें पडला तरी पावसाळ्यांत झाड तारेवर कोसळणें, दाब उतरणें व चढणें हें चालूच असतें. अशा ठिकाणीं माणूस प्रोसेसरवर हजार रुपये अधिक घालतो आणि कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर सगळा संसार सोंपवितो, ही फसगत होय. बिननांवाच्या एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापलेलें असतें, पण छापणें आणि देणें यांत अंतर आहे. चांगला एसएमपीएस १०० पासून २४० व्होल्टांपर्यंतचा दाब पचवितो. येथेंहि एक छुपा मेळ आहे: अशा कांहीं एसएमपीएसना ओबडधोबड लहर देणारा स्वस्त यूपीएस मानवत नाहीं, वीज जातांच यूपीएसनें सांभाळावें, तों यंत्रच बंद पडतें. म्हणून दोन्ही एकत्र जोडून, मुख्य वीज काढून, परीक्षा घ्यावी. अर्थिंगकडेहि लक्ष द्यावें. मुरमाड जमिनींतला अर्थिंगचा खड्डा मे महिन्यांत कोरडा पडतो; त्यांत पाणी घालणें हा या देशीं संगणकाच्या निगेचाच भाग समजावा.

चौथा मेळ उष्णतेचा. प्रोसेसर किती वीज खाईल, हें तालावर आणि व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतें. ताल दहा टक्के वाढविला व त्यासाठीं व्होल्टेजहि दहा टक्के वाढवावें लागलें, तर वीज वाढते सुमारें तेहतीस टक्के, तितकीच उष्णताहि. पंखा ती उष्णता खोलींतल्या हवेंत टाकतो. हवेहून थंड तो कांहीं करूं शकत नाहीं. एप्रिलच्या दुपारीं पत्र्याच्या छपराखालीं हवाच चाळीस अंशांवर असेल, तर परदेशांतल्या थंड खोलींत कोणी गाठलेला ताल आपल्याकडे टिकावा, अशी अपेक्षा धरणें व्यर्थ. त्यांत धूळ आणि पावसाळ्यांतली ओल यांची भर. ज्याला ताल वाढवावयाचा आहे, त्यानें डिसेंबरांत जुळविलेलें यंत्र मे महिन्यांत पुनः तपासावें.

आतां थोडें परखडपणें बोललें पाहिजे. सेलेरॉनच्या काळीं शेंकडा पन्नास वेग फुकट मिळे, कारण कारखाने हातचें राखून विकीत. आज प्रोसेसर स्वतःच, उष्णता व वीज पाहून, क्षणोक्षणीं आपला ताल वाढवीत असतो. हातचें उरलेलें थोडें. ती मर्यादा ओलांडल्यास काय होतें, हें २०२४ सालीं दिसून आलें. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे कांहीं प्रोसेसर अस्थिर होऊं लागले. अवाजवी व्होल्टेज हें कारण कंपनीनें मान्य केलें, दुरुस्तीची सूचना बायॉसमधून दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. गिऱ्हाइकानें हात न लावतां ही गत, तर हात लावणाऱ्यानें किती जपावें! यास्तव मर्यादित पैशांत यंत्र जुळविणाऱ्यास माझें सांगणें असें कीं, ताल वाढविण्यासाठीं महाग बोर्ड व महाग पंखा घेऊं नये. त्या पैशांत एक पायरी वरचा प्रोसेसर किंवा चांगला एसएमपीएस येतो. उलट, ताल तोच ठेवून व्होल्टेज किंचित् उतरविलें, तर यंत्र थंड राहतें आणि पुष्कळदां अधिक वेळ वरच्या तालावर टिकतें. शहापूरच्या उन्हाळ्यांत हेंच खरें शहाणपण.

मग ओव्हरक्लॉकिंगचा हा सारा खटाटोप व्यर्थच होता काय? मला तसें वाटत नाहीं. ज्या मुलानें ८३ चा अर्धा का नको आणि १०० चा तिसरा हिस्सा का हवा हें एकदां समजून घेतलें, त्याला यंत्र ही गूढ वस्तु राहिली नाहीं. बंद पडलेली पेटी तो उघडतो, एक मेमरी-पट्टी काढून दुसरीवर चालवून पाहतो, शेजारच्या यंत्राचा एसएमपीएस लावून दोष हुडकतो. दुरुस्तीचा माणूस जेथें हांकेच्या अंतरावर नसतो, तेथें घरांतला असा एक जाणकार सबंध गल्लीचा आधार होतो.

आणि म्हणूनच सध्यां चाललेल्या एका बदलाकडे सावधपणें पाहावयास हवें. बाजारांत अशीं यंत्रें वाढत आहेत कीं, त्यांत मेमरी बोर्डालाच डांकलेली असते. कचेऱ्यांतून निवृत्त झालेले कांहीं स्वस्त संगणकहि वरून साधे दिसतात, पण त्यांच्या विजेच्या जोडण्या खास त्यांच्याच असतात. बाजारांतला एसएमपीएस त्यांना लागत नाहीं. १९८१ नंतर जो अबोल करार झाला, तो कोणा सरकारच्या कायद्यानें झाला नव्हता. म्हणून तो तसाच अबोलपणें मोडलाहि जाऊं शकतो. मोडला, तर मुंबईकर नवें यंत्र घेईल. हप्त्याहप्त्यानें यंत्र वाढविणाऱ्या मुरबाडच्या घराला मात्र पर्याय उरणार नाहीं. पाणी, वीज आणि माल ज्यांच्या दारावरून पुढें गेले, त्यांच्या दारावरून विद्याहि तशीच पुढें जावी, हें बरें नव्हे.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं माळ्यावर एखादा जुना संगणक पडून असेल. तो भंगारवाल्यास देण्याआधीं उघडून पाहा. बोर्डाचें नांव, सॉकेटाची जात, मेमरीचा प्रकार आणि एसएमपीएसचे वॅट एका कागदावर लिहून तो कागद पेटीला चिकटवा, आणि मग ती पेटी एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या हातीं द्या. नुसती पेटी दिली, तर आपण एक वस्तु दिली असें होईल. त्या कागदासह दिली, तर तिला पुढचा कोणता भाग जुळेल हें त्या विद्यार्थ्यास घरबसल्या कळेल, आणि त्याचा एक दिवस व एक फेरी वांचेल.